उजव्याबरोबर डावा

बाबा,

तुमचा डावा हात माझ्याकडे आलाय. हे वाक्य मी चार तऱ्हांनी लिहून पाहिलं आणि शेवटी असंच ठेवलं, कारण तुम्हाला लांबण लावलेली आवडायची नाही. तुम्हाला जाऊन एकतीस वर्षं झाली. मी आता छपन्न वर्षांची आहे, न्यूझीलंडमध्ये ख्राइस्टचर्चला राहते, आणि इथल्या हॉर्नबी नावाच्या भागात एका कारखान्यात लोकांच्या स्वयंपाकघरांची ड्रॉइंग काढते. यातलं काहीच तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी पुण्यात एका आर्किटेक्टकडे ट्रेसिंग करत होते, लग्न व्हायचं होतं, आणि न्यूझीलंड म्हणजे क्रिकेटची टीम एवढंच ज्ञान होतं. आज रविवार आहे. बाहेर वायव्येकडून येणारा तो गरम, कोरडा वारा सुटलाय, या वाऱ्यात इथली माणसं चिडचिडी होतात म्हणतात. नवरा बागेत डब्यांची उडालेली झाकणं शोधतोय, सासूबाई आडव्या झाल्यात, आणि मी जेवणाच्या टेबलाशी कागद घेऊन बसले आहे.

सुरुवात गेल्या हिवाळ्यात झाली. माझं काम असं, की ज्यांना नवीन किचन करून घ्यायचंय त्यांच्या घरी जायचं, भिंती मोजायच्या, आकडे कागदावर उतरवायचे आणि ऑफिसात येऊन कॉम्प्युटरवर चित्र करायचं. मग खाली कारखान्यात त्या मापानं फळ्या कापल्या जातात. इथल्या मोठ्या भूकंपानंतर या गावात इतकी घरं नव्यानं उभी राहिली की आम्हाला मान वर करायला सवड नव्हती, आणि त्या सगळ्या वर्षांत माझा आकडा कधी चुकला नाही. तर फळ्या कापणारा जो सामोआ बेटांवरचा, सामोअन गृहस्थ आहे, तो एक दिवस माझा मापांचा कागद घेऊन जिना चढून वर आला आणि म्हणाला, “हा सहा आहे, आठ आहे, का मुंगी मरून पडलीय?” मी हसले. कागद पाहिला तर वरचे आकडे ठीक होते, आणि खाली येता येता ते बारीक होत गेले होते, शेवटची ओळ मलाच वाचता येईना. चष्म्याचा नंबर वाढला असेल असं मी ठरवून टाकलं. मग उजव्या हाताला शर्टाचं बटण जमेना. चालताना तो हात बाजूला नुसता लटकतो, हे नवऱ्यानं सांगितलं. सगळ्याला माझ्याकडे काही ना काही कारण होतं. थंडी, वय, माऊस धरून धरून आखडलेला खांदा.

मग एका शनिवारी भजी करायची म्हणून मी उजव्या हातानं पीठ फेटत होते. सासूबाई खुर्चीवर बसून कोथिंबीर निवडत होत्या. एक्याऐंशी वर्षांच्या आहेत, वर्षातले सहा महिने आमच्याकडे असतात, आणि त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. त्या म्हणाल्या, “अगं, तुझा डावा हात काय फेटतोय? त्याच्यापुढे तर काहीच नाही.” मी पाहिलं. ओट्यावर ठेवलेला माझा डावा हात अर्धवट मुठीत, मनगटातून गोल गोल फिरत होता. उजवा थांबवला, तोही थांबला. उजवा सुरू केला, दोन फेऱ्या तो गप्प राहिला, आणि मग हळूच, जणू कोणाच्या लक्षात येऊ नये अशा बेतानं, पुन्हा फिरायला लागला. उजवा घड्याळाच्या काट्यासारखा फिरत होता आणि डावा उलटा. मी भांडं खाली ठेवलं. घाबरायच्या आधी, बाबा, मी तो हात ओळखला. चाळीस वर्षांनी बाजारात कोणी शेजारी दिसावा आणि चालीवरूनच ओळखू यावा, तसा.

मी पाचवीत होते तेव्हाचं आधी लिहिते. कराडच्या त्या शाळेत तुम्ही चित्रकलेचे सर होतात आणि शाळेच्या आवारात तुम्हाला बाबा म्हणायचं नाही हा घरचा नियम होता. तुमचा समईचा तास असला की दुसऱ्या वर्गातली मुलं खिडकीशी गोळा व्हायची. तुम्ही दोन खडू घ्यायचात, दोन्ही हातांत एकेक, फळ्याच्या मधोमध वरच्या टोकाशी टेकवायचात, आणि दोन्ही हात एकाच वेळी खाली यायचे. टोक, मग पसरट वाटी, मग दांडा, त्याच्या गाठी, खाली तळ, आणि तळाशी दोन्ही खडू एकमेकांना येऊन भिडायचे. रेघ कुठे तुटायची नाही. एक बाजू दुसरीहून केसभर जाड नाही. मुलं टाळ्या वाजवायची, आणि तुम्ही वळून “टाळ्या नकोत, काढा” म्हणायचात. मी टाळ्या वाजवत नसे, कारण माझे वडील होते. पण छातीत काय व्हायचं ते मला आजही सांगता येत नाही.

नववीत मी गेले तेव्हा तुम्ही दोन खडू घेणं बंद केलेलं होतं. उजवा हात मंद झाला होता. फळ्यावरची चित्रं लहान होत चालली होती, मागच्या बाकांना दिसायची नाहीत. आणि उजवा हात चित्र काढत असताना तुमचा रिकामा डावा हात मांडीजवळ हलायचा. मुलांनी म्हण काढली होती की सरांचा एक हात फळ्यावर काढतो आणि दुसरा हवेत. मी ते ऐकून न ऐकल्यासारखं करत असे. एक दिवस तासाला तुम्ही पाठमोरे होतात आणि हात जास्तच हलत होता. माझ्या बाकावरच्या मुली फळ्याकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या, ही रडते का हसते ते. मी हसायचं ठरवलं. आणि नुसतं हसून भागत नाही असं वाटून मी उजवा हात समोर चित्र काढल्यासारखा धरला आणि खाली डावा वळवळत दाखवला. सगळी रांग फुटली. तुम्ही वळलात. माझा डावा हात अजून हवेत होता.

मला वाटलं डस्टर येईल. तुम्ही माझ्या हाताकडे पाहिलं, मग स्वतःच्या. मग पेटीतून एक अख्खा खडू काढलात, उजव्या हातानं तो डाव्या हाताच्या बोटांत बसवलात, आणि डावा हात उचलून फळ्याला टेकवलात. “आता बघा,” तुम्ही म्हणालात, “मी फक्त उजव्या हातानं काढणार आहे.” आणि आंब्याचं एक पान काढायला लागलात. सावकाश, देठापासून. डावीकडचा खडू आधी नुसता थरथरला, ठिपके पडले. मग त्या ठिपक्यांतून रेघ निघाली. पुसट, मधे मधे तुटलेली, उजवीच्या निम्म्या आकाराची, पण वळण तेच, फक्त उलटं. तुम्ही बाजूला झालात. फळ्यावर दोन पानं होती, एकमेकांकडे पाठ केलेली. “उजवीकडचं मी काढलं,” तुम्ही म्हणालात. “डावीकडचं मी काढलेलं नाही. कोणी काढलं ते मला माहीत नाही. पण बघा, देठ चुकलेला नाही.” घंटा झाली. तुम्ही फळा न पुसताच गेलात. पुढच्या तासाला गणिताच्या बाई आल्या आणि त्यांनी बोलता बोलता ती दोन्ही पानं पुसून टाकली.

संध्याकाळी घरी स्वयंपाकघरात आई भाकरी थापत होती आणि तुम्ही पाटावर बसला होतात. मी ताटं मांडत होते, कान गरम झाले होते. तुम्ही आईला म्हणालात, “आज वर्गात माझी नक्कल झाली.”

“कोणी केली?” आईचा हात थांबला.

“आहे एक. निरीक्षण चांगलं आहे. हात जरा जास्त वर धरला होता, एवढंच.”

आईनं माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं तिला तेव्हाच कळलं. पण तिनं पुन्हा भाकरी थापायला घेतली. तुम्ही मीठ मागितलंत. मी द्यायला वाकले तेव्हा हळू आवाजात म्हणालात, “हसलीस त्याचं काही नाही. मलाही पहिल्यांदा हसूच आलं होतं. पण हसताना माणसाचे डोळे मिटतात. बघायचं सोडू नकोस.” तुम्ही मला जन्मात जेवढं रागावलात त्यातलं सगळ्यात मोठं रागावणं ते, आणि ते मीठ वाढताना झालं.

पुढच्याच वर्षी शाळेनं तुमचे तास काढून घेऊन तुम्हाला वाचनालयात बसवलं. घरी तुम्ही चित्रं काढायचात, पण डावा हात टेबलावर आपटायचा, रंगाचं पाणी हिंदकळायचं. म्हणून तुम्ही मला सांगितलंत, समोर बसून तो धरून ठेव. शाळेतून आले की अर्धा तास मी तुमचं डावं मनगट दोन्ही हातांनी टेबलावर दाबून बसायची आणि तुम्ही उजव्या हातानं काढायचात. डोळे मिटले तरी तुम्ही काय काढताय ते मला कळायचं. फांदी असली की लांब ओढ यायची, फूल असलं की छोटे छोटे हिसके. आत कोणीतरी बंद दार ढकलावं तसं. मी पंधरा वर्षांची होते, बाबा, आणि मला कंटाळा यायचा. एकदा मैत्रिणी खालून हाका मारत होत्या, नदीवर जायचं होतं, आणि मी म्हणाले, “आणखी किती वेळ धरू?” तुम्ही मान वर न करता म्हणालात, “सोड. जा.” मी गेले. परत आले तेव्हा पाण्याची वाटी कागदावर सांडलेली होती आणि आई फडक्यानं टेबल पुसत होती. तुम्ही मला पुन्हा कधी बोलावलं नाहीत. त्यानंतर चित्र काढायला बसताना तुम्ही तो हात स्वतःच्या मांडीखाली घालून त्याच्यावर बसायला लागलात. तरीही, मी पॉलिटेक्निकला गेले तेव्हा स्वतःची जर्मन कंपासपेटी तुम्ही मला दिलीत, आणि देताना एवढंच म्हणालात की पेन्सिल रोज टोक करायची.

आपल्या गावातल्या डॉक्टरांनी नसांचा अशक्तपणा म्हणून तुम्हाला किती इंजेक्शनं दिली ते आईच जाणे. तुमचा हात कापत नव्हता, म्हणून कंपवात हा शब्द कोणाच्या तोंडी आला नाही. मला मात्र इथल्या न्यूरॉलॉजिस्टनी पहिल्या भेटीतच नाव सांगितलं. उंच, शांत गृहस्थ. माझी बोटं आपटून घेतली, मला कॉरिडॉरमध्ये चालायला लावलं, आणि पार्किन्सन्स, म्हणजे कंपवातच, म्हणाले, जितक्या सरळपणे एखादा पत्ता सांगेल तितक्या सरळपणे. मग त्यांनी विचारलं, घरात कोणाला होतं का. मी नाही म्हणाले. त्यांनी लिहून घेतलं. आणि मग माझ्या तोंडून आपोआप गेलं, “माझ्या वडिलांनी एकदा फळ्यावर दोन पानं काढली होती.”

मी सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. न पाहिलेल्या माणसाबद्दल मी काही सांगू शकत नाही, आणि हा आजार बहुतेक वेळा बापाकडून मुलीकडे येत नाही, हे ते आधीच म्हणाले. पण ज्यांचा आजार एका बाजूला जास्त असतो त्यांच्यातल्या काहींचा, आजारी हात हलवताना, दुसरा बरा हात सोबत हलतो, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. मिरर मूव्हमेंट म्हणतात त्याला, आरशातली हालचाल. “पण त्यात खडू देऊन बघणारा माणूस मी पहिल्यांदा ऐकतोय,” ते म्हणाले. बाबा, ते तुमच्याबद्दल असं बोलले तेव्हा आजाराचं नाव ऐकून जे आलं नव्हतं ते रडू मला आलं. त्यांनी कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवला आणि विचारलं की विद्यापीठात काहीजण नेमका याचाच अभ्यास करतात, त्यांच्याकडे तुम्ही जाल का?

मी मुलीला फोनवर सांगितलं. ती ऑकलंडला शिकते. मी मराठीत बोलते, ती इंग्रजीत उत्तर देते, आमचं असंच चालतं. ती म्हणाली, “कॅन आय सी इट?” मी फोन टेबलावर उभा केला, उजव्या हाताची मूठ उघडली मिटली, आणि डावा सोबत निघाला. ती बघत राहिली. हसली नाही. नंतर तिनं विचारलं, “डझ इट हर्ट?” मी म्हटलं, नाही गं, काहीच होत नाही, दुसऱ्याच कोणाचा हात बघावा तसं वाटतं. कारखान्यातही सांगावं लागलं. चहाच्या सुट्टीत मी त्या सामोअन गृहस्थाला म्हटलं की आता माझे आकडे असेच येणार. त्यानं बिस्किट चहात बुडवून खाल्लं आणि म्हणाला, “स्वीट ॲज,” म्हणजे इथल्या भाषेत काही हरकत नाही, “तू आकडे बोल, मी लिहितो.” आता मोजणीला तो माझ्याबरोबर येतो. टेपचं एक टोक तो धरतो.

विद्यापीठात सासूबाईही आल्या, घरी एकटं बसायचं नाही म्हणून. एका छोट्या खोलीत एक तरुण संशोधक बाई होती. “किया ओरा” म्हणून तिनं दोघींचं स्वागत केलं, सासूबाईंनी नमस्कार केला. माझ्या दोन्ही हातांवर तिनं छोट्या चकत्या चिकटवल्या, त्यांच्या वायरी एका यंत्रात गेल्या, आणि समोरच्या पडद्यावर दोन रेघा आल्या, वरची उजव्या हाताची, खालची डाव्याची. दोन्ही सपाट. “फक्त उजवा अंगठा आणि बोट जुळवा,” ती म्हणाली, “डावा अगदी सैल सोडा.” मी जुळवलं. वरच्या रेघेवर झुडूप उगवावं तसं काहीतरी उभं राहिलं. आणि त्याच क्षणी, खाली, त्याचंच छोटं झुडूप. मी पुन्हा जुळवलं. पुन्हा दोन. मी हात मांडीवर सैल सोडला होता, बाबा, मनापासून सोडला होता, आणि तरी खालची रेघ वरचीचं सगळं ऐकत होती. मला फळा दिसला. चाळीस वर्षांपूर्वी एका बाईनं डस्टरनं पुसलेलं ते डावीकडचं पान तिथे पुन्हा उगवत होतं.

मी तिला विचारलं की हे येतं कुठून. आम्हाला अजून सगळं कळलेलं नाही, हे तिनं आधी सांगितलं. मग म्हणाली की एक हात हलवायचा म्हटलं तरी मेंदूच्या दोन्ही बाजू जाग्या होतात. दुसऱ्या हाताकडे जाणारं सांगणं तितक्यातल्या तितक्यात थांबवावं लागतं. तान्ह्या बाळांना ते जमत नाही, त्यांचे दोन्ही हात बरोबर उडतात. लहान मुलांना लिहिताना पहा, दुसऱ्या हाताची बोटं हलत असतात. मोठं होता होता आपण थांबवायला शिकतो, इतकं चांगलं शिकतो की शिकलो होतो हेही विसरतो. “तुमचा डावा हात नवीन काही करत नाहीये,” ती म्हणाली. “त्याला थांबवणारं जरा ढिलं पडलंय.”

मी हे सासूबाईंना मराठीत सांगितलं. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “माझ्यात आहे का ते, विचार तिला.” संशोधक बाई हसली आणि तिनं चकत्या सासूबाईंच्या हातांना लावल्या, बांगड्या वर सारून. बोट जुळवलं तेव्हा वर झुडूप, खाली सपाट. सासूबाईंचा चेहरा पडला. मग बाईनं त्यांच्या उजव्या हातात रबराचा एक चेंडू दिला आणि म्हणाली, जितक्या जोरात दाबता येईल तितक्या जोरात दाबा, सोडू नका. सासूबाईंनी ओठ आवळले. मान ताठ झाली. वरची रेघ गच्च भरून गेली, आणि थोड्या वेळानं खालच्या सपाट रेघेवर बारीक केस उभे राहिले. अगदी बारीक. डोळ्यांना हात हललेला दिसला नाही, पण रेघेला कळलं होतं. “आहे!” सासूबाई मोठ्यानं म्हणाल्या. चेंडू खाली पडला. “बघ, माझ्यातही आहे!” आणि मग थोडं थांबून, स्वतःशीच, “एवढं सगळं आत चाललेलं असतं आणि आपल्याला वाटतं आपण नुसते बसलोय.”

परतताना गाडी सिग्नलला थांबली की मी बाकीच्या गाड्यांमधल्या माणसांकडे बघत होते. एक बाई एका हातानं लिपस्टिक लावत होती. एकजण खिडकीबाहेर हात काढून बोटांनी दारावर ताल धरत होता. रस्ता ओलांडणारा एक म्हातारा कुत्र्याचा पट्टा ओढत होता. आणि प्रत्येकाच्या दुसऱ्या हाताकडे तेच निघत होतं आणि निघता निघता थांबवलं जात होतं, जन्मभर, झोपेतून उठल्यापासून झोपेपर्यंत, कोणाला पत्ता नाही, कोणी दमत नाही, कोणी त्याबद्दल कधी कोणाचे आभार मानलेले नाहीत. मला रस्ता दिसेना. मी गाडी बाजूला घेतली. सासूबाईंना वाटलं मला बरं वाटत नाहीये, त्या पाण्याची बाटली उघडून देऊ लागल्या. मला इतकं बरं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. तुम्ही दोन खडू घेऊन समई काढायचात तेव्हा काय होत होतं कोण जाणे. मी आजवर समजत होते की तुम्ही दोन हातांना दोन कामं सांगत होतात. कदाचित तुम्ही एकच सांगत होतात, आणि थांबवणाऱ्याला तेवढ्यापुरती सुट्टी देत होतात.

शेवटची भेट मला आठवते. मी पुण्याहून एसटीनं आले होते. तुम्ही खाटेवर, छाती भरलेली, बोलणं जवळजवळ बंद. उजवा हात चादरीवर लाकडासारखा. मी खाटेच्या कडेला बसून तुमचे दोन्ही हात माझ्या दोन्ही हातांत घेतले. मी उजव्या हाताकडे बघून म्हणाले, “बाबा, दाबता येतोय का?” तुम्ही डोळे मिटलेत. खूप वेळ काही झालं नाही. मग उजव्या हाताची बोटं इतकीशी आत वळली, खरंच वळली का मला वाटलं, तेही सांगता येणार नाही. पण त्याच वेळी डाव्या हातानं माझा हात चांगला घट्ट दाबला. आणि मी, बाबा, तो डाव्याचा दाब मोजला नाही. तो हात तसाच, आपला आपण हलतो, असं मला माहीत होतं. मी उजव्यातलंच चाचपत बसले, मिळालं नाही म्हणून हिरमुसले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं पुण्याला परत गेले. आठ दिवसांनी तार आली.

आता कळतं की तुम्ही एकदाच दाबलं होतंत. सगळ्या ताकदीनिशी, उजव्या हातानं, मी सांगितलं तसं. ते उजव्यातून माझ्यापर्यंत येऊ शकलं नाही आणि डाव्यातून आलं. तो दाब तुमचाच होता. ते मला पोचलं होतं आणि मी त्याची दखल घेतली नाही, एकतीस वर्षं. पण हातानं ते कुठेतरी ठेवून दिलेलं असावं, कारण विद्यापीठातून आल्यापासून माझ्या उजव्या तळव्यावर, जिथे तुमचा डावा हात होता, तो दाब मला जसाच्या तसा आठवतो. अंगठ्याच्या बुडाशी जास्त, करंगळीकडे कमी. आईला हे सांगायला हवं होतं. तीही आता नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून सरळ लिहिता येतंय. सहा पानं झाली आणि अक्षर खाली येता येता मुंगीएवढं झालंय, तुम्हालाही वाचता आलं नसतं. नवरा आत आलाय, झाकणं सापडली म्हणतो, एक सोडून सगळी. एक गोष्ट त्याला सांगितलेली नाही, डॉक्टरांनाही सांगणार नाही, तेवढी तुम्हाला सांगते. डॉक्टरांनी दिलेली गोळी घेतली की माझा डावा हात बराचसा शांत बसतो. दुपारची गोळी दोन वाजता असते, आणि आता पावणेचार होतायत. ती मी अजून घेतलेली नाही. हे लिहून होईपर्यंत तो माझ्यासोबत हलत राहावा असं मला वाटत होतं, आणि तो राहिला, कागदाच्या पलीकडे, टेबलावर, प्रत्येक शब्दाला. आता घेते.